शेवटची गाडी चमेलीत थांबेल

११ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या मोठ्या बहिणीनं, प्रणोतीताईनं, ही डायरी दिली. म्हणे, वेदांग, रोज लिहीत जा, डोक्यातला कचरा निघते. मी म्हटलं, सगळा निघाला तर आत उरेल काय? तर दार आपटून गेली.

दिवाळी मिलनाच्या भानगडीवरून घरात बाकीच्यांचं अजून माझ्याशी बोलणं बंद आहे. असं केलं काय मी? इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो असते, त्याच्यामागे छोटा स्पीकर लपवला. अध्यक्षांचं भाषण संपूनच नाही राहिलं होतं. मग फोटो बोलला, "बस कर रे आता, मला झोप येऊन राहिली." अर्धा हॉल हसला. एक आजी बेशुद्ध पडल्या, पण पाणी मारल्यावर उठून चकली मागितली, मतलब सीरियस काही नाही.

बाबा तोफांच्या फॅक्टरीत आहेत. त्यांच्या सेक्शनचे लोक हॉलमध्ये होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "उद्यापासून श्रीरंगमामाकडे जायचं. ते सांगतील ते करायचं." बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी दुसऱ्यांदा बसलो आहे, त्यामुळे मी फार काही बोलत नाही.

श्रीरंगमामा म्हणजे आईचे मोठे भाऊ. फौजेतून सूबेदार म्हणून रिटायर. इथेच घमापुरात, आमच्या मागच्या गल्लीत राहतात, ते आणि कुंदामामी. मामा कमी बोलतात. इतके कमी की लहानपणी मला वाटायचं फौजेत त्यांचा आवाज जमा करून घेतला असेल.

१३ नोव्हेंबर

काम समजलं. सिविल लाइन्समध्ये भय्यासाहेबांचा बंगला आहे. रिटायर्ड कर्नल. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा भोसल्यांच्या फौजेतून इकडे आले ते राहूनच गेले. सगळे त्यांना भय्यासाहेबच म्हणतात, आडनाव कोणाला आठवत नाही. मामा श्रीलंकेत होते तेव्हा भय्यासाहेब त्यांचे मेजर होते.

मला तर हेच माहीत नव्हतं की आपली फौज श्रीलंकेत लढायला गेली होती. मी म्हटलं, "काहून? क्रिकेटमध्ये काही झालं होतं का?" मामांनी स्कूटर थांबवली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि परत चालू केली.

भय्यासाहेबांचं १४ डिसेंबरला भाषण आहे. दिल्लीचे लोक येणार, मोठे मोठे रिटायर्ड साहेब येणार. विषय असा की दुसऱ्याच्या देशात बंडखोरांशी लढायला गेलेली फौज बाहेर कशी निघते. ते मला म्हणाले, "यंग मॅन, घुसायचं कसं याच्यावर कपाटभर पुस्तकं आहेत. निघायचं कसं ते कोणी लिहीत नाही." भाषण गॅरेजमध्ये होणार, कारण तिथे जमिनीवर मामांना सँड मॉडेल बनवायचं आहे. लढाईच्या आधी फौजवाले वाळूचं छोटं गाव बनवतात. रस्ते, झाडं, विहीर, घरं, सगळं. मग साहेब काठीनं दाखवते, तू इथून जा, तू तिथून.

मामांनी पहिल्याच दिवशी कायदा सांगितला. "मॉडेलवर जे आहे, ते जमिनीवर आहे. मॉडेलवर जे नाही, ते जमिनीवर नाही. आपल्या मनानं एक काडीसुद्धा ठेवायची नाही. त्या काडीवर भरोसा ठेवून माणूस मरते."

मामा सलग एवढं बोलले! मी आईला फोन करून सांगितलं.

१८ नोव्हेंबर

नदीवरच्या ग्वारीघाटाहून वाळू आणली, चाळली, पाणी मारून थापली. भुसा हिरवा रंगवला, ते झालं गवत. खराट्याच्या काड्यांना मेंदीची पानं बांधली, ते झाले नारळ. मामीनं निळी रांगोळी दिली, तो समुद्र. घरं मामांनी साबणाच्या वड्या कोरून केली. सगळ्या गॅरेजला अंघोळीचा वास येऊन राहिला. मी म्हटलं, "मामा, दुनियेतलं सगळ्यात स्वच्छ गाव." हसले नाहीत. पण कोपऱ्यातून हलले थोडे ओठ.

गावाचं खरं नाव फौजींच्या जिभेला जमायचं नाही, म्हणून नाव ठेवलं होतं चमेली. गावातून एकच रस्ता. एका टोकाला फौजेचं पोस्ट, मधे गाव, पुढे वळण, वळणानंतर मोकळं आणि मग बंदर.

विचारत विचारत मी मामांकडून थोडंफार काढलं. आधी पहाटे गावाला वेढा घालायचा. सगळ्यांना शाळेच्या मैदानात बसवायचं. घरांत घुसून डबे, गाद्या, कणगी, सगळं उपसायचं. मग दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात तंबू लावून खोकल्याच्या गोळ्या वाटायच्या आणि पोरांसोबत व्हॉलीबॉल खेळायचा. याला म्हणायचं मन जिंकणं.

मी म्हटलं, "हे तर आपल्या बाबांसारखं झालं. आधी झापड, मग जलेबी."

"मग? जिंकलं का तुझं मन?"

"जलेबी खाल्ली."

"त्यांनीही गोळ्या खाल्ल्या," मामा म्हणाले.

२१ नोव्हेंबर

आज एक विचित्र झालं. देऊळ, विहीर, शाळा बसवून झाली. रस्त्याला लागून मामांनी एक छोटं दुकान ठेवलं. पुढे छप्पर, छपराला तारेचं गोल लटकवलेलं.

"हे काय?"

"सायकल दुकान."

"काहून? लढाईत सायकल दुकानाचं काय काम?"

मामांच्या हातातून ते छप्पर पडलं. मला वाटलं ओरडतील. पण ते माझ्याकडे पाहून राहिले, जसं दुसऱ्याच कोणी विचारलं. मग म्हणाले, "तो असंच बोलायचा. काहून सर. काहून सर."

"कोण?"

"रत्नम."

दुकान रत्नमचं. तमिळ माणूस, मामांच्याच वयाचा. रेडिओ ऐकून थोडी हिंदी शिकलेला. फौज काय म्हणते ते गावाला सांगायचा, गाव काय म्हणते ते फौजेला. मामांच्या तोंडून ऐकून ऐकून आपलं 'काहून' उचललं त्यानं. मी म्हटलं, "मतलब श्रीलंकेत एक माणूस नागपुरी बोलते? मामा, व्हायरल होईल!"

मामा बाहेर जाऊन नळाखाली हात धूत राहिले. हात स्वच्छच होते. साबणाचीच तर घरं आहेत.

२५ नोव्हेंबर

जेवण झालं की मामा व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत डुलकी घेतात. तेवढा वेळ मॉडेल माझ्या ताब्यात. आणि माझे हात रिकामे राहत नाहीत हे सगळ्या घमापुरला माहीत आहे.

आगपेटीच्या काडीला दुसरी अर्धी काडी चिकटवून हात केला, वर उचललेला, जसा माणूस ऑटोला हात देते. पांढऱ्या चिंधीची लुंगी. लाल गूल म्हणजे डोकं. झाला रत्नम. सायकल दुकानासमोर उभा केला. मला पाहायचं होतं मामा किती वेळात ओळखतात.

लगेच ओळखलं. चष्मा पुसत आत आले आणि तिथेच थांबले. मी दाराआड मोबाईल घेऊन तयार होतो, व्हिडिओ काढायला. मामा हळूच गुडघ्यावर बसले. मग एकदम वाकून त्याच्याजवळ तोंड नेलं. मला वाटलं आता फेकतील.

त्यांनी नखानं त्याचा वर केलेला हात खाली दाबला. अलगद, गोंद सुटू न देता.

"हात नव्हता केला त्यानं," मामा म्हणाले. मला नाही, वाळूला म्हणाले. "काहून करेल? त्याला माहीत होतं, थांबणार आहे गाडी."

मी व्हिडिओ डिलीट केला. का केला माहीत नाही. त्यात काही खराब नव्हतं.

२८ नोव्हेंबर

मामांनी मला विचारलंच नाही की हा कोणी ठेवला. मॉडेलवर आहे म्हणजे जमिनीवर आहे, बस. रोज गेल्यावर आधी त्याच्यापाशी जातात. वाऱ्यानं पडला असेल तर उभा करतात. आज तर हळू आवाजात त्याच्याशी बोलून राहिले होते. मी खोकलो तर गप्प झाले, जसा मी त्यांच्या घरात न विचारता घुसलो.

घरी पण बदलले. जेवत नाहीत. पोळी हातात घेतात आणि विसरून जातात. मामीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "काय दाखवून राहिला रे तू त्यांना तिथे?"

"मी? मी काहीच नाही."

मामीनं मग जे सांगितलं ते आईनंही कधी सांगितलं नव्हतं. खूप आधी, मी जन्मलोही नव्हतो, मामा सुट्टी संपवून ड्यूटीवर निघाले आणि पोचलेच नाहीत. शोधत शोधत रामेश्वरमला सापडले. कोळ्यांना विचारून राहिले होते, पलीकडे सोडता का, एका माणसाला आणायचं आहे. मग मिलिटरीच्या दवाखान्यात किती दिवस. "डॉक्टर म्हणाले होते, तिकडची गोष्ट यांच्यासमोर काढू नका. मी आजवर काढली नाही. नारळाची चटणीसुद्धा करत नाही मी घरात." मामी पदरानं नाक पुसत होती. "तेव्हा जवान होते, परत आले. आता गेले तर मला मिळतील का, तू सांग."

मी म्हटलं मी बघतो.

२९ नोव्हेंबर

उचलला त्याला. मामा डुलकीत होते. खिशात टाकला. आता नाही राहणार डोळ्यांसमोर तर विसरतील. प्रॉब्लेम खतम.

३० नोव्हेंबर

प्रॉब्लेम खतम नाही. माझ्यासारखा गाढव कोणी नाही.

सकाळी मामांनी मॉडेल पाहिलं. दुकानासमोरची जागा रिकामी. मी म्हटलं, "उडाला असेल हवेनं." त्यांनी ऐकलंच नाही. मॉडेलच्या चारी बाजूंनी फिरले. विहिरीत पाहिलं. शाळेचं छप्पर उचलून पाहिलं. साबणाचं एक एक घर उचलून खाली पाहिलं, तसंच, जसं झडती घेतात म्हणून त्यांनी मला सांगितलं होतं. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "घेऊन गेले त्याला."

मी चहा आणायला गेलो. परत आलो तर मामा नाहीत. स्कूटर जागेवर.

मी कुठे कुठे पळालो! घमापुरची बाजू, सदर, दवाखाना. मामीला फोन करायची हिंमत नव्हती. मग डोक्यात रामेश्वरम आलं आणि मी ऑटोवाल्याला म्हटलं, स्टेशन, भैया, उडाके ले चलो.

प्लॅटफॉर्मवर बाकावर बसले होते. पाठ एकदम सरळ. हातात तिकीट नाही, पिशवी नाही, पायात गॅरेजमधल्या चपला. बाजूच्या बाईला विचारून राहिले होते, "बहनजी, मद्रास की गाड़ी यहीं आएगी न?"

मी समोर उभा राहिलो. त्यांनी ओळखलं मला, पण खुशी नाही झाली. जसं मी उशीर करून राहिलो त्यांना.

"मामा, चला. घरी चला."

"उशीर झाला आहे. आधीच झाला आहे."

आजवर मी इतक्या थापा मारल्या, पण एवढी पटकन कधी निघाली नाही. म्हटलं, "सापडला तो."

"कुठे?"

"दुकानापाशीच आहे. मामा, आईशपथ. आत्ता पाहून आलो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं पकडलं. मग उठले. ऑटोत मी खिशात हात घालून तपासत होतो, काडी तुटली तर नाही ना.

गॅरेजपाशी मी पुढे पळालो, ठेवला त्याला. मामा आत आले, पाहिला. खाली बसून जमिनीलाच टेकले. म्हणाले, "बस. आता हलवू नको कोणी." गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो.

२ डिसेंबर

मामीला सगळं सांगितलं. काडीचं पण. मला वाटलं लाटणं येईल. ती खूप वेळ कणीक मळत राहिली.

"भाषणात काय होणार?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. मामा ऑर्डर वाचणार, तेव्हा दिली होती तशीच. आगपेट्यांना हिरवा रंग देऊन ट्रक केले आहेत, ते मी लांब काठीनं ढकलणार. पोस्टवरून निघून, चमेलीतून, वळणावरून, बंदरापर्यंत. ऑर्डरच्या शेवटी असं आहे की शेवटची गाडी चमेलीत थांबेल, एक सिविल माणूस उचलेल. त्या गाडीचे कमांडर मामाच होते.

"आणि तेव्हा?" मामी म्हणाली. "खरं तेव्हा थांबली होती का?"

"मामा ते नाही सांगत."

मामीनं मळणं थांबवलं. "वेदांग, तू थांबव. तिथे कोणी काही म्हणो. वाळूत तर वाळूत. तो गाडीत बसला हे त्यांना एकदा दिसू दे. मग येतील ते परत."

"थांबवीन मामी."

"मस्करी नाही ना करून राहिला?"

"नाही."

"माझ्या डोक्यावर हात ठेव." कणकेच्या हातानं माझा हात धरून तिनंच ठेवला.

९ डिसेंबर

रोज रिहर्सल. मामा मस्त झाले आहेत. काल मामीकडे दुसरी पोळी मागितली! आवाज पण मोकळा. "आख़िरी गाड़ी चमेली में रुकेगी। सिविलियन एक, सामान एक।" मी शेवटची आगपेटी दुकानापाशी थांबवतो. मामा पेटीचं खण बाहेर काढतात, रत्नमला दोन बोटांनी उचलून आत आडवा ठेवतात, खण बंद करतात. मग मान हलवतात आणि मी ढकलतो. निळ्या रांगोळीपर्यंत. तिथे मामा खण उघडून पाहतात. दर वेळी पाहतात. आणि दर वेळी तो आत असते.

आज भय्यासाहेब पाहायला आले. शाल, काठी, टापटीप. मॉडेलभोवती फिरले, व्वा श्रीरंग, व्वा, म्हणत. दुकानाशी थांबले.

"हा इथे काय करतो?"

"तो तिथेच होता, साहेब."

मी म्हटलं आता गेलं. पण भय्यासाहेबांनी वळणाकडे काठी केली. "श्रीरंग, त्या वळणावर रात्रीतून त्यांनी सुरुंग पेरले होते. वायरलेसवर खबर आली तेव्हा अर्धा काफिला वळणाच्या अलीकडे होता, आणि ते उडवायच्या आत सगळ्यांना काढायचं होतं. मी ऑर्डर बदलली नसती आणि तू थांबला असतास, तर मागची सगळी बाजू उघडी पडत होती. माझ्याकडे पोरं होती. काहींना मिशा नव्हत्या."

"जी साहेब."

"तू कधी विचारलं नाहीस मला."

"ऑर्डर होती साहेब."

"हो," भय्यासाहेब म्हणाले. मग मलाच विचारलं, "तुझं नाव काय म्हणालास?" तीनदा सांगून झालं आहे त्यांना.

रत्नमला काढा असं मात्र म्हणाले नाहीत.

१४ डिसेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

गॅरेज भरलं होतं. ब्लेझरवाले म्हातारे, दिल्लीचे चष्मेवाले, कॉलेजची काही पोरं-पोरी. मामांनी मेडल लावले होते. भय्यासाहेब छान बोलले, खरंच. म्हणाले, पाहुणी फौज कितीही चांगली वागली तरी पाहुणीच, आणि गावाला माहीत असते की हे एक दिवस जाणार आणि ते, जंगलातले, इथेच राहणार. म्हणाले, आपण जायची तारीख जाहीर केली की त्या दिवसापासून आपल्याशी बोलणारा प्रत्येक माणूस उघडा पडतो. पोरं लिहून घेऊन राहिली होती. मी घाबरलो नव्हतो. आजवर कोणत्या स्टेजवर मी घाबरलो?

मग काफिला. मामा ऑर्डर वाचत गेले, मी ढकलत गेलो. पहिली गाडी वळण पार. दुसरी. एक एक करत सगळ्या. राहिली शेवटची.

मामा म्हणाले, "आख़िरी गाड़ी चमेली में रुकेगी।" आणि वाकून त्यांनी रत्नमला उचललं. तळहातावर घेतलं. मी गाडी दुकानापाशी आणली.

तेवढ्यात भय्यासाहेब बोलले. मोठ्यानं नाही. माझ्याशी बोलले असंही नाही, नजर वळणावर होती. पण आवाज वेगळा होता, म्हाताऱ्याचा नव्हता. "आख़िरी गाड़ी, रुकना नहीं। चलते रहो। चलते रहो।"

आणि मी ढकलली.

बस, ढकलली. मी विचार नाही केला. बाबांचं कधी ऐकलं नाही, सरांचं नाही, मंडळाचं नाही. आणि हा आवाज आला तर हात आपोआप पुढे गेला. दुकान गेलं, देऊळ गेलं, वळण गेलं. मला कळलं तेव्हा आगपेटी निळ्या रांगोळीत होती.

कोणाच्या लक्षातच आलं नाही. मामा तळहातावर काडी घेऊन वाकलेले तसेच. त्यांनी माझ्या काठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता हे पडतील, मामीला मी काय तोंड दाखवू. खूप वेळ पाहिलं त्यांनी, जसं मला नाही, माझ्या जागी कोणाला ओळखून राहिले.

मग रत्नमला परत दुकानासमोर ठेवलं. सरळ उभा केला. स्वतः सरळ झाले, छाती पुढे. "काफ़िला बंदरगाह पहुँचा, साहब। कोई नुक़सान नहीं।"

टाळ्या.

परत येताना स्कूटर मी चालवत होतो. मामा मागे. बलदेवबागेचा चौक आला. मग माझ्या कानाशी म्हणाले, "तुला थांबवायची होती ना?"

"हो मामा. खरंच. आईशपथ थांबवायची होती."

"मलाही," मामा म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. घरापर्यंत काढला नाही.

१५ डिसेंबर

सँड मॉडेल काम झालं की मोडायचंच असते, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. मी एकटाच गेलो. मामा झोपले होते. मामी म्हणे, असे झोपले आहेत की तिनं दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं.

साबण वेगळे केले, नारळ उपटले. रत्नमला आधी काढून ठेवू म्हटलं तर तो नव्हता. सगळी वाळू चाळणीतून काढली. नाही. भय्यासाहेब दारात उभे राहून पाहून राहिले होते, एक हात शालीत. विचारलं, "साहेब, इथे एक काडीचा माणूस होता." म्हणाले, "झाडणाऱ्यानं नेला असेल." निघताना मी पाया पडलो तर आशीर्वाद डाव्या हातानं दिला. उजवा शालीतून काढलाच नाही. म्हातारपणात थंडी हातालाच जास्त लागत असेल.

२० डिसेंबर

मामा नॉर्मल आहेत. नॉर्मलच्याही वर. मामीला म्हणाले, नारळाची चटणी कर एखाद दिवशी. मामी रडली आणि नारळ आणायला मला पळवलं.

नारळ घेऊन आलो तर बेबीमावशी बसली होती. शेजारची. गल्लीतली बातमी हिच्याकडून निघते आणि हिच्याकडेच परत येते. मामीनं मला जवळ ओढलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"यानं वाचवलं हो माझं घर. थांबवली ना रे गाडी?"

मला वाटलं होतं मामांनी सांगितलं असेल. मामा समोर बसून लसूण सोलत होते. मान वर केली नाही.

"थांबवली मामी," मी म्हटलं.

"ऐकलं का हो? थांबली गाडी."

"हो," मामा म्हणाले. "थांबली."

मामी बेबीमावशीला सगळं सांगायला लागली. साबणाची घरं, आगपेट्या, कसा तो बिचारा तिथे उभा होता, कसं सगळ्यांसमोर त्याला गाडीत घातलं आणि बंदरापर्यंत आणलं. तिचं ऐकता ऐकता मलाही दिसायला लागलं. खण बंद होताना येते तो आवाज पण आला.

बेबीमावशी चहा पीत ऐकत होती. तिला वाळू आणि खरं यातलं किती समजलं देव जाणे. कप खाली ठेवून म्हणाली, "बरं झालं बाई. मग आता कुठे राहते तो?"

मामांनी लसूण खाली ठेवला. मामीनं माझ्याकडे पाहिलं, की वेदांग सांगेल, वेदांगजवळ जवाब तयार असते.